मुराळी मोटरीनेच जाणार

१ एप्रिल १९६३, सोमवार. सकाळ.

या वहीची माफी मागून सुरुवात करतो. फार उशीर झाला. मुलगा इंद्रभान काम करतो त्या कापसाच्या जिनिंगमध्ये शेठने कारकुनांना डायऱ्या वाटल्या, इंद्रभानने आपली मला जानेवारीतच दिली होती. तीन महिने कोरी राहिली. हयगय नाही. जानेवारीत चष्मा सापडत नव्हता. फेब्रुवारीत चष्मा सापडला तर दौत सांडली. मार्चमध्ये लिहिण्यासारखे काही घडले नाही. आता घडणार आहे.

आधी हकीकत लिहून ठेवतो, पुढे माझाच गोंधळ नको. संक्रांतीला खेडे सोडून आम्ही दोघे नांदुऱ्याला मुलाकडे राहायला आलो. नांदुरा म्हणजे शहर. रेल्वे आहे, मोटर-स्टँड आहे. शहरात बैल बांधणार कुठे? म्हणून रेंगी, म्हणजे आमची छोटी बैलगाडी, आणि बैलजोडी शेजारच्या भगवंतरावाला विकली. तो अंगणात बांधतो. त्याच दिवशी ओट्यावर पाच जणांसमोर जाहीर केले की, पुढच्या संक्रांतीपर्यंत हा जानराव बैलगाडीत पाय ठेवणार नाही. रेल्वे आणि सरकारी मोटर. शहरातल्या माणसाने शहरासारखे राहावे.

पहिले मोठे काम आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. शुक्रवारी, २६ तारखेला आहे. आमच्या लेकीला, कोकिळेला, सासरहून आणायचे. दोन वर्षे पोर माहेरी आलेली नाही. गेल्या आखाजीला तिला आणायला मुराळी म्हणून मीच निघणार होतो, तर बैल लंगडला. पावसाळ्यात तिला मुलगी झाली. बारशाला निघालो तर नाल्याला पूर. नात आठ महिन्यांची झाली, अजून आम्ही पाहिली नाही.  माझी बायको रुखमा कुरडया वाळत घालताना डोळे पुसते. विचारले तर ऊन लागते म्हणते.

निश्चय : सणाच्या दहा दिवस आधी कोकिळा घरात.

३ एप्रिल, बुधवार.

स्टँडवर जाऊन फळ्यावरचे टाइम उतरवून घेतले. मोताळ्याची मोटर साडेसात, एक आणि साडेचार. कोकिळेचे गाव मोताळ्याच्या अलीकडे, फाट्यावरून कोसभर आत. सोपे आहे.

इंद्रभान म्हणाला, आबा, मी एक दिवस सुट्टी काढतो न् घेऊन येतो तिले. मी म्हटले, तू गठाणी मोज. मोटरीचा अभ्यास माझा आहे. रुखमा म्हणाली, अवो, पोराले जाऊ द्या, तुमचं काई खरं नाई. तिला मोटरीतले काय कळते? तीनदा बसली आहे फक्त. मी चारदा.

१० एप्रिल, बुधवार. दुपार.

साडेसातच्या मोटरीला पहाटे चारलाच स्टँडवर गेलो. पुढची, ड्रायव्हरमागची सीट मिळावी म्हणून. स्टँडवर मी आणि एक कुत्रे. बाकावर जरा टेकलो. शिदोरीचे गाठोडे उशाला घेतले, चोरीची भीती.

उठलो तेव्हा उन्हे आली होती आणि मोटर गेली होती. कंडक्टरने हाका मारल्या म्हणे. मोताळा, मोताळा असे ओरडला. माझे नाव नाही घेतले. मग मी कसा उठणार?

घरी आलो. रुखमाने गाठोडे सोडले, सांजोऱ्यांचा भुगा झाला होता. म्हणाली, आज बुधवार हाय, तुमच्या ध्यानात तरी हाय का? बुधवारी कोन सून वाटेले लावते?

खरेच की. बुधवारी गेलो असतो तर विहीणबाईंनी पोर धाडलीच नसती, वर मला अडाणी म्हटले असते. मनात खोल कुठे तरी मला हे माहीत असणार. त्याशिवाय मला एवढी गाढ झोप लागत नाही.

१३ एप्रिल, शनिवार.

मोटरीचा नाद सोडला. तात्पुरता. नवीन विचार असा की इथून रेल्वेने मलकापूर आणि मलकापूरहून मोताळ्याची मोटर. लांब पडते, पण रेल्वे बाकावरच्या माणसाला सोडून जात नाही. भोंगा मोठा असतो.

रुखमाला बेत सांगितला. ती म्हणाली, म्हंजे नाक धराले हात मानेमागून.  नवीन सांजोऱ्यांना बसली आहे.

१५ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ. शेगाव स्टेशन.

हे शेगाव आहे. मलकापूर दुसरीकडे आहे.

चूक माझी नाही, सूर्याची आहे. मी गेले दोन दिवस सकाळी फलाटावर उभा राहून अभ्यास केला. सूर्य पाठीशी घेऊन जाणारी गाडी मलकापूरची. दोन्ही दिवस बरोबर आले. आज निघायला दुपारचे चार वाजले. सूर्य पाठीशी घेऊन जाणारी गाडी आली, बसलो. शेजारच्या बाईला विचारणार होतो, पण ज्याचा अभ्यास झाला त्याने कशाला विचारायचे? जलंब स्टेशन आले, ते तर शेगावच्या वाटेवरचे. तरी म्हटले, दोन जलंब असतील.

टी.सी. भला माणूस. म्हणाला, बाबा, तुम्ही काऊन घाबरून राह्यले, परतीची गाडी लागतेच आता. मी म्हटले, घाबरलो नाही, दर्शनालाच आलो.

आणि ते खरेच. शेगावचे दर्शन बरेच दिवस मनात होते. समाधीपुढे नातीसाठी हात जोडले. नाव आठवेना. कोकिळेची मुलगी असे म्हटले. महाराजांना कळेल.

१८ एप्रिल, गुरुवार. रात्री जेवणाआधी.

आज फत्ते. जवळजवळ.

साडेसातची मोटर मिळाली. सीटही मिळाली. फाट्यावर उतरव असे कंडक्टरला सात-आठ वेळा सांगितले. तो म्हणाला, बाबा, आता तुमी येकदा तरी बोलले तर मी घंटी मारून इथंच उतरवतो. मग गप्प बसलो. फाटा आला तेव्हाही गप्प होतो, कारण त्यानेच सांगितले होते. मोताळ्याला उतरलो. कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, फाटा फाटा ओरडलो ना मी! ओरडला होता. मला वाटले, दुसऱ्या कोणाचा फाटा.

पण देव पाठीशी. स्टँडवरच वामनराव भेटले. वामनराव म्हणजे कोकिळेचे सासरे, माझे व्याही. सरकी घ्यायला आले होते. त्यांची बैलगाडी उभी होती, शेजारी सालदार. मोठ्या आग्रहाने म्हणाले, चाला घरी, दोन घंट्यात माघारी आनून सोडतो. नात पाहून घ्या. चार दात आले तिले.

मी घड्याळ पाहिले. अकरा. परतीची मोटर चारला. जाणे, येणे, जेवण, आग्रह. आणि मोटर चुकली तर? शिवाय बैलगाडी. शपथ सांगितली. वामनराव माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, व्याहीबुवा, नात मोठी का शपथ? मी म्हटले, आखाजीला घरी नेणारच आहे, मग पोटभर पाहीन.

मुद्द्याचे तिथेच उभ्याने ठरवले. मंगळवारी अमावस्या, त्याआधी सून वाटेला लावायची नाही. बुधवार नाही. म्हणून गुरुवारी, २५ तारखेला. सकाळच्या मोटरीने मी येणार, फाट्यावर ते पोरीला घेऊन उभे राहणार. वामनराव म्हणाले, नाई जमलं तर तसं सांगा, आमीच बसवून देऊ तिले मोटरीत. मी हसलो. बाईमाणूस, काखेत पोर, हातात पेटी. मोटरीचे काम आहे का ते? मी येतोच म्हटले.

ते गेले. मी बाकावर बसून राहिलो. अकरा ते चार. मोटर वेळेवर आली. मध्ये एकदा मनात आले की, एवढ्यात चालत जाऊन आलो असतो. तसे विचार करायचे नाहीत, रक्तदाब वाढतो.

रुखमाने सगळे ऐकून घेतले. एवढेच विचारले की, चार दात? वरचे का खालचे? मी म्हटले, ते विचारायचे राहिले. ती उठून आत गेली. भांडी फार आपटते आजकाल.

२२ एप्रिल, सोमवार.

भगवंतराव ओट्यावर आला. म्हणाला, जानराव, रेंगी न्या लेकीसाठी. बैल तुमाले वयखतात. दोन दिवसांत जाऊन याल. पाच जण बसले होते, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, भगवंतराव, जग पुढे चालले आहे. तो म्हणाला, हाव, तेच म्हन्तो मी, जग गेलं मोताळ्याले न् तुमी इथंच हाये.

हसले सगळे. हसोत. शुक्रवारी कोकिळा याच ओट्यासमोर झोका घेईल तेव्हा पाहू.

रुखमाने निंबाला झोका बांधून घेतला आहे. इंद्रभानने पाळण्याची दोरी बदलली. घरात माझ्यावाचून कोणाला घाई दिसत नाही म्हणायची सोय नाही आता.

२४ एप्रिल, बुधवार.

 चष्मा, पैसे, शिदोरी, नातीचे टोपडे तीनदा तपासले. उद्या चूक नाही. झोपणार नाही, गप्प बसणार नाही, सूर्याकडे पाहणार नाही.

२५ एप्रिल, गुरुवार. सकाळ, ७.४०. स्टँड.

साडेसातची मोटर आता गेली. मी जागा होतो. उजव्या पायाने चढलोही होतो. पण सणाची गर्दी. उभे राहावे लागले असते. एकजण म्हणाला, चाला ना बाबा, सरका आत. मी विचार केला. येताना मांडीवर नात असणार, त्यासाठी हातपाय ताजे पाहिजेत. जाताना उभा राहून दमलो तर नात पडायची. उतरलो. एकची मोकळी मिळेल. पाच तासांचा प्रश्न आहे. वामनराव फाट्यावर थांबतील. समजूतदार माणूस.

त्याच दिवशी, दुपार. मोटरीत.

एकची मिळाली. खिडकीजवळ बसलो आहे. गाठोडे टपावर टाकले. चष्मा गाठोड्यात राहिला, म्हणून अक्षर असे.

आत्ता एका अरुंद पुलाशी समोरून नांदुऱ्याची मोटर आली. दोन्ही मोटरी अगदी चिकटून उभ्या राहिल्या. समोरच्या खिडकीत हिरव्या लुगड्याची कोणी बाई, मांडीवर पोर. ती आमच्या मोटरीकडे हात हलवून काहीतरी ओरडत होती. मोटरीत बसले की बायकांना धरबंध राहत नाही. पोरही असे भोकाड पसरून रडत होते! मी मान फिरवली. अशा मायेची पोर पुढे कशी निघेल? कोकिळेला मी बघ कसे वळण लावले.

फाटा जवळ आला असे वाटते. कंडक्टरला या वेळी चौदा वेळा सांगितले आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ. वामनरावांचे घर.

फाट्यावर कोणी नव्हते. मोटर पुरती थांबेपर्यंत धीर धरला नाही. न थांबताच पुढे गेली तर? उडी मारली. पाय मुरगळला. एका ओळखीच्या गाडीवानाने गाडीत घालून आणले असते, पण शपथ. दोघांच्या खांद्यावर कोसभर आलो. घोटा दुधीएवढा झाला आहे.

वामनराव धावत पुढे आले. म्हणाले, अरे देवा, व्याहीबुवा, तुमी इकडं कसे? बारापर्यंत फाट्यावर उभे होतो. तुमी आले नाई. मग कोकिळाच म्हने, मामंजी, मी जातो मोटरीनं, त्याच्यात काय एवढं. तिकीट काढलं, खिडकी पाहून बसली, गेली बी. आता नांदुऱ्यात असंन.

अन्नपूर्णाबाई, म्हणजे विहीणबाई, पायाला हळद-चुना लावता लावता म्हणाल्या, हिरवं लुगडं नेसून गेली, आजच घडी मोडली. पोर मात्र दात येतात म्हनून रडत होती बापा.

मी थोडे पाणी मागितले.

वामनराव म्हणाले, आताच गाडी जुंपायले सांगतो, उद्या झुंजूमुंजू घरी पोचता. मी तत्त्व समजावून सांगितले. सालदार दाराशी उभा होता. तो ऐकून घेऊन घोंगडी झटकत बाहेर गेला.

२६ एप्रिल, शुक्रवार. आखाजी.

रात्रभर विचार केला. शपथ बैलगाडीची होती खरी, पण आजारी माणसाला कोणतीच शपथ लागू होत नाही. दवाखान्यातही बैलगाडीनेच नेतात. पहाटे वामनरावांना हाक मारून म्हटले, जुंपा.

ते जवळ येऊन बसले. म्हणाले, व्याहीबुवा, आज आखाजी. सालदाराचं साल संपलं. हिशोब घेतला न् गेला तो दिवस उगवाच्या आधी आपल्या गावी. नवा सोमवारी बसंन. मले मोतीबिंदू, पोरगा गेला बायकोसंगं. गाडी हाकाले कोन?

म्हणजे जावईही तिकडेच. मोटरीत तिच्या मागे बसला असणार. तेही दिसले नाही.

मोटरीपर्यंत कोसभर चालणे जमणार नाही. माझ्या घरी माझ्या बापाच्या नावाची घागर कोणी भरली असेल? इंद्रभानने भरली असेल. आमरसाला रुखमाने माझे ताट काढून पुन्हा ठेवले असेल. इथे मला पाटावर बसवून व्याह्यांनी चार वेळा आमरस वाढला. गोड होता. 

फाट्याकडे जाणाऱ्या एका माणसाजवळ चिठ्ठी दिली, मोटरीच्या कंडक्टरच्या हाती देण्यासाठी. नक्कल इथे ठेवतो :

रुखमा, मी खुशाल आहे. काळजी करू नये. इथे सगळ्यांचा आग्रह पडला म्हणून चार दिवस थांबलो आहे. इंद्रभानला काही सुचल्यास त्याने मला न्यायला यावे. कशानेही यावे. भगवंतरावाला काय सांगायचे ते तूच ठरव. कोकिळेला म्हणावे, आबांनी तुला ओळखले नाही, चष्मा टपावर होता. रागावू नये. आणि पोर कोणावर गेली आहे? नाक आपले आहे का? दात वरचे का खालचे? ती अजून रडते का, की तुझ्याकडे आल्यावर गप्प झाली? दोन ओळी लिहून उद्याच्या सकाळच्या मोटरीने धाड. मी फाट्यावर येऊ शकत नाही, पण दिवसभर वाटेकडे तोंड करून बसतो. उशीर करू नये. लवकर कळव.