तेरा नंबरचं दार

मंगळवार, संध्याकाळ

थकलो आज. वारसा इमारतींची यादी करणारी बाई हॅलिफॅक्सहून येऊन मोटेल बघून गेली. एल आकाराची बांधणी, प्रत्येक खोलीच्या दारातच गाडी लावायची सोय, ऑफिसची तिरकी काच, सगळ्याचे फोटो काढले. यादीत नाव लागलं तर मोटेल कुणाला पाडता येणार नाही. मग तिने जुना नकाशा उघडला. त्यात बारा नंबरच्या खोलीनंतर थेट चौदा. तेरा अपशकुनी, म्हणून इकडे तो आकडा लावत नाहीत म्हणे. आम्हाला कुठे ठाऊक होतं? मोटेल घेतलं तेव्हा कुसुम म्हणाली होती, "अहो, रंगाऱ्याला मोजता येत नव्हतं वाटतं." आणि स्वतः ब्रश घेऊन शेवटच्या दारावरच्या चौदाचं तेरा केलं. तीनला सवयीने मराठी शेपूट काढली.

बाई म्हणाली, आकडे मूळचेच हवेत.

"बाबा, एका दुपारचं काम आहे. मी स्क्रेप करतो," सुनील म्हणाला.

खरंय पोराचं. एवढ्याशा शेपटीसाठी मोटेल घालवायचं का? तरी मी बाईला सांगून बसलो, घरी विचारून कळवतो. कुसुम जाऊन चार वर्षं झाली.