कोर्ट उठेपर्यंत

डिंभे,
रविवार, ५ डिसेंबर २००४

ती. दादास,
नवनाथचा नमस्कार.

आबांचा खोकला कमी आहे. आईचे गुडघे आहेत तसेच. गाय आज-उद्या विईल. खुशाली संपली. बाकीचं कार्डावर मावणार नाही म्हणून पाकीट घेतलं. फोन तीनदा केला, तीनदा तू "ड्युटीवर हाय, ठेव" म्हणालास. आता पत्राला काही 'ठेव' म्हणता यायचं नाही तुला. वहिनीच्या आधी तूच उघड.

तर दादा, कुणी सांगितलं होतं तुला हे उद्योग करायला? मी सांगितलं होतं?

संरक्षण खात्याच्या कारखान्यातून फिटरच्या जागेसाठी मला कागद आले, हे तुला माहीत आहे. मंचरच्या दुकानात चार वर्षं मोटारींच्या कॉइल भरून मान मोडली, तेव्हा कुठं हे दिवस दिसले. त्या कागदांत एक साक्षांकनाचा फॉर्म होता. आत घेण्याआधी माणसाचं मागचं सगळं तपासतात त्यात. बारावा रकाना असा, की कधी अटक झाली होती का, कधी शिक्षा झाली होती का. आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं, की काही लपवल्याचं कळलं तर नोकरी लागल्यावरसुद्धा काढून टाकू.

मी 'होय' लिहिलं. एप्रिल १९९६, धरणाच्या पाण्यावर मासे धरणाऱ्या भिकाला मारहाण, मनगट मोडलं, दोन दिवस कोठडी. घोडेगावला गुन्हा कबूल, दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहण्याची शिक्षा. रेकॉर्डला आहे तेवढं सगळं लिहिलं. आयटीआयचे सर म्हणाले होते, अठराव्या वर्षाचं भांडण आहे, एखादवेळेस सोडतील, पण लपवलंस तर नाही सोडणार. मला पटलं ते.

गेल्या गुरुवारी कारखान्यात बोलावलं. साहेबांच्या टेबलावर दोन कागद. एक माझा, 'होय' लिहिलेला. दुसरा पोलीस ठाण्यातून आलेला, सदर इसमाविरुद्ध कसलीही नोंद नाही. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "बावीस वर्षं हे काम करतोय. लोक लपवतात आणि पोलीस शोधून काढतात. इथं तुम्ही सांगताय आणि पोलीस लपवतायत. काय भानगड आहे?"

मला तिथंच कळलं कुणाची भानगड ते. घरी येऊन आईला विचारलं तर ती मोठ्या कौतुकानं सांगते, "आरं, दादानं फोन केला व्हता ठाण्यात, त्येच्या वळखीचा हाय तिथं. तुझ्यासाठीच केलं बाबा त्येनं." माझ्यासाठी! मला एका शब्दानं विचारलं नाहीस. हा पण 'नाही'च लिहिणार, असं धरूनच चाललास तू. हा खरं लिहील, हे तुझ्या डोक्यात आलंच नाही ना? येईल कसं? खाई त्याला खवखवे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण साहेबांनी पुढं विचारलं, "बरं, काय झालं होतं ते तुमच्या तोंडून सांगा. कशानं मारलंत?"

"वल्ह्यानं," मी म्हणालो. एवढं केसच्या कागदावर होतं.

"कुणाचं वल्हं? समोरून मारलंत की मागून? तो पडल्यावर पण मारलंत?"

दादा, मला घाम फुटला. शेवटी म्हणालो, आठवत नाही. साहेब म्हणाले, "माणसाचं मनगट मोडलंत आणि आठवत नाही?"

कसं आठवणार? मी होतो कुठं तिथं?

मी त्या दिवशी निमगाव सावाला ठकूमावशीचे कांदे काढत होतो. तुला आठवत नसेल तर मावशीला विचार. संध्याकाळच्या यष्टीनं घरी आलो, तर ओट्यावर आबा, पोलीस पाटील आणि तू. भिकाचं जाळं आपल्या पंपाच्या फुटव्हॉल्वला अडकलं, पाणी खेचणं बंद पडलं, मोटार जळाली, आणि तुझं टाळकं फिरलं, एवढंच मला सांगितलं. तुझा पोलीसभरतीचा कागद आला होता. पाटील म्हणाले, "सावळेरामचं नाव लागलं तर नोकरी गेली म्हनून समजा. नवनाथचं काय, त्यो अजून कुठं लागलाय? भिकाला म्या समजावतो." आबा माझ्याकडं बघत नव्हते. तूही नाही. तू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होतास.

आणि मी हो म्हणालो. हे पण लिहितो, नाहीतर म्हणशील सगळं माझ्यावरच ढकलतो. मला कुणी मारून-मुटकून पाठवलं नाही. उलट छाती फुगली होती माझी. घोडेगावला कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसलो तेव्हा वाटत होतं, आपण घरासाठी लई मोठं काही केलं. घरी आलो तर आईनं पुरणपोळी केली होती. चार खाल्ल्या. गाढवच होतो मी.

पुढं डिंगोऱ्याचं स्थळ आलं. मुलगी मला आवडली होती, हे घरात कुणाला बोललो नाही. तिचा बाप भर बैठकीत म्हणाला, "केस झालेल्या पोराला आमी पोरगी देत न्हाई, राव." तू तिथंच बसला होतास, ताजी वर्दी मिळालेला, मान खाली घालून. चहा मात्र पुरा प्यायलास. मला तुझा राग तेव्हापासून आहे दादा. केसचा नाही, त्या चहाचा.

काल भिकाकडं गेलो. म्हटलं, निदान काय झालं ते तरी कळेल. उजवा पंजा अजून वाकडाच आहे त्याचा, जाळ्याची गाठ दातानं ओढतो. मला बघून हसला. म्हणाला, "तू कशाला आलास? तू न्हवतासच." मी म्हणालो, मग सांग ना, कसं झालं. तर म्हणतो, "म्या सांगितलं तर ती माझी तक्रार व्हईल, आन् ती पाटलांनी कवाच मिटवली. ज्येनं मारलं त्येला सांगू दे. आठ वर्सं झाली, पोलीस हाय म्हनं आता. कवा वाटंवरनं जाताना थांबला न्हाई."

आई दोन दिवस जेवत नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची, नवनाथ. दादाच्या लेकराबाळांचा इचार कर." करतो ना. आठ वर्षं तेच केलं. पण साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय, पुढच्या मंगळवारी, चौदा तारखेला. घटना कशी घडली ते माझ्या शब्दांत. आता मी 'मी मारलं' असं रचून लिहिलं, तर फॉर्मवर खरं लिहिलेल्या 'होय'ची पण माती. आणि 'मी नव्हतोच' असं लिहिलं, तर पुढचा प्रश्न तुझ्या दारात येईल. काहीही लिहिलं तरी माझी नोकरी गेल्यातच जमा आहे. ती गेली तरी चालेल, पण आणखी एकदा खोटं माझ्या हातानं लिहायचं नाही.

ठाण्यात पुन्हा फोन करू नकोस. इथं येऊन आबांना पुढं घालून रडूही नकोस. आठ वर्षांत मी तुला एक प्रश्न विचारला नाही, तो आज विचारतो. भिकाला तू कसं मारलंस? समोरून की मागून, किती वेळा, तो काय म्हणाला, आणि नंतर तू काय केलंस. तुझ्या अक्षरात लिही, खाली सही कर आणि चौदा तारखेच्या आत मला मिळेल असं पाठव. मी ते माझ्या खुलाशाला जोडीन. आलं नाही तर माझ्या कागदावर एकच ओळ असेल, की मला माहीत नाही, मी तिथं नव्हतो, माझ्या भावाला विचारा. खाली तुझा पत्ता असेल.

वहिनींना नमस्कार. पोरांना पापा.

तुझ्या जागी कोर्ट उठेपर्यंत बसलेला,
नवनाथ