समासातली तीच ओळ

दादा,

एकच रहस्यकथा बाबांना पुन्हा पुन्हा दिली की आपल्या वाचनालयाच्या खेपा टळतात, हा तुझा हिशेब. काय डोकं तुझं! डॉक्टरांनी स्मरणशक्तीसाठी सांगितल्याप्रमाणे ते पानापानावर पेन्सिलीने शंका लिहितात. पुस्तक संपलं की मी सगळं पुसते. ते विसरलेलेच असतात.

आज समासात लिहिलंय, "माझं अक्षर कोण पुसतंय?" पान उजेडात तिरकं धरलं, तर खाली पेन्सिलीच्या दाबाने तीच ओळ चारदा उमटलेली. चारही वेळा मीच पुसली, न वाचता.

नवं पुस्तक आणायला चाललेय. खोडरबर फेकलाय, शोधू नकोस. बाबांनी विचारलं तर खरं सांग. खेपा आपल्या टळल्या; 'घरात कुणीतरी माझ्या मागावर आहे' ही भीती मात्र बाबांच्या वाट्याला आली.