अक्कांच्या रेडिओवर इंदूर लागलं तेव्हा

सर,

तुमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओबद्दल लिहायचं आहे. गेल्या आठवड्यात आमच्या पुण्याच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीने मला तिच्या रिसीव्हरचा आलेख दाखवला. अगदी सरळ रेघ, आणि त्या रेघेवर मोजून चार ठिपके. माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघून गेलं, "चार ठिपक्यांतून तर माझी म्हैससुद्धा सरळ रेघ काढेल." ती बिचारी गोंधळली. म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे म्हैस आहे?" मी म्हटलं, नाही गं, ती माझ्या सरांची. मग आठवलं की म्हैस तुमच्याकडेही नव्हती.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला तुम्ही सगळ्यांना प्रोजेक्ट वाटलेत. कुणाला चोरघंटा, कुणाला पाण्याच्या टाकीचा इंडिकेटर. मला म्हणालात, रेडिओत येणारा सिग्नल कमी करायचं सर्किट कर. आणि तो समान पायऱ्यांनी कमी व्हायला हवा. बटण एक घर फिरवलं की जेवढा उतरेल, पुढच्या घराला तेवढाच. मी चोपड्याच्या पलीकडच्या खेड्यातून आलेली, वर्गात आम्ही दोनच मुली, तुमच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती, तरी विचारलं, "सर, सगळे तर सिग्नल वाढवायला बघतात?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "ज्याच्या घरासमोर मनोरा असतो ना, त्याला विचार." मला वाटलं ही काहीतरी म्हण असावी. वसतिगृहात गेल्यावर मी वहीत लिहूनसुद्धा ठेवली.

रविवारी तुमच्या घरी आले तर समोर खरोखरच रेडिओ केंद्राचा मनोरा. जळगावचं केंद्र तुमच्या रेडिओवर काट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागायचं, कुठेही फिरवा. तुमच्या पत्नीला मी काकू म्हणायला गेले तर त्यांनी मला थांबवलं, "काकू नको, अक्का म्हन." आणि मी त्यांच्याच अहिराणी बोलीतली आहे हे कळल्यावर तुमच्यादेखत तुमची तक्रार सांगितली. "बावीस वरीस व्हयनात, पोरेसले रेडिओ शिकाडतस. घरना रेडिओवर इंदूर लागत नही!" तेव्हा मला प्रोजेक्टचं खरं कारण समजलं. अक्कांचा धाकटा भाऊ सेंधव्याच्या पलीकडे मिरचीची शेती करायचा. इंदूर केंद्राने शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी त्याची मुलाखत घेतली होती, आणि ती तीन आठवड्यांनी शनिवारी संध्याकाळी साडेसहाला लागणार होती. माझी परीक्षा मे महिन्यात होती सर, तुमची तीन आठवड्यांवर.

रेडिओ स्वयंपाकघरातून हलवायचा नाही अशी अक्कांची ताकीद, म्हणून प्रयोगशाळाच तिथे आली. तुम्ही कॉलेजचा सिग्नल जनरेटर टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये ठेवून आणलात. मी ओट्याच्या कोपऱ्यात बसते, एका बाजूला सोल्डरिंग गन, दुसऱ्या बाजूला अक्कांची वांगी भाजताहेत. तत्त्व सोपं होतं. डायोडमधून थोडा प्रवाह सोडला की तो सिग्नलला वाट देतो. प्रवाह कमी केला की वाट अरुंद होते. बंद केला की दार बंद. तो प्रवाह ठरवायला एक बटण आणि बटणावर दहा घरं. मी मोठ्या उत्साहाने फिरवायला लागले. एक, दोन, तीन, काहीच फरक नाही. सहापर्यंत जळगाव केंद्र तसंच ओरडतंय. सातवर नेलं आणि एकदम चिडीचूप.

"बठ्ठा आवाज कथा गया व?" सगळा आवाज गेला कुठे, असं अक्कांनी विचारलं. मी सांगितलं की डायोड असाच वागतो, आधी ढिम्म आणि मग एकदम. त्यांनी मान हलवली. "यासना राग बी तसाच शे. सहालोंग काहीच नही, सातले एकदम!" तुम्ही दारात उभे होतात. मला वाटलं आता सातवं घर येतं की काय, पण तुम्ही फक्त "सर्किटकडे लक्ष द्या" म्हणालात, आणि ते नक्की कुणाला उद्देशून होतं हे आम्हा दोघींनाही कळलं नाही.

सातवं घर मी दुसऱ्या रविवारी पाहिलं. वाकडं सरळ करायला मी रेझिस्टर बदलले, तीन जागी मोजलं, पट्टी ठेवून रेघ ओढली आणि आलेख तुमच्या हातात दिला. तुम्ही तो खिडकीशी नेऊन पाहिलात. "बाकीच्या सात घरांचं काय झालं? गावाला गेलीत?" मी हातातल्या पट्टीकडे बघितलं. "तीन ठिपक्यांतून तर माझी म्हैससुद्धा सरळ रेघ काढेल! मोजलं नाही तिथे काय आहे हे तुला कुणी सांगितलं? पट्टीनं?" मी रडायला लागले. अक्का तव्यावर मिरच्या परतत होत्या, त्यांना वाटलं ठसका लागला, म्हणून त्यांनी मला पाणी दिलं आणि तुम्हाला खिडकी उघडायला लावली. तुम्ही मुकाट्याने उघडलीत. मग माझ्याशेजारी पाटावर बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "डायोड वाकडा आहे ना? मग त्याला हुकूम देणारं सर्किट उलट्या बाजूला तेवढंच वाकडं कर. दोन वाकडे समोरासमोर आले की सरळ होतं." अक्का तव्यावरून म्हणाल्या, "आपलं लगीन तसंच शे." तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

शेवटच्या आठवड्यात दहाच्या दहा घरं मोजली. प्रत्येक घराला तीन डेसिबल, थोडं इकडेतिकडे. चौथ्या घरावर समोरच्या मनोऱ्याचा जोर इतका उतरला की रेडिओ त्याच्याखाली दबायचा थांबला आणि काटा सरकवल्यावर त्याच्या मागून, एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखं, इंदूर ऐकू आलं. अक्कांनी हातातली कणीक तशीच ठेवून रेडिओला नमस्कार केला.

आणि मग तो शनिवार. सव्वासहालाच तुमच्या स्वयंपाकघरात शेजारपाजारची आठ-नऊ माणसं दाटीवाटीने बसलेली, अक्का नव्या लुगड्यात, रेडिओला हळदकुंकू. साडेसहाला मुलाखत सुरू होते. भाऊ हिंदी बोलतोय, म्हणजे अहिराणीलाच 'है' लावतोय. "मिरची को पानी थोडाच देना पडता है, नहीं तो वो रुसती है." अक्का प्रत्येक वाक्याला सगळ्यांकडे अभिमानाने बघतात. मग मुलाखत घेणारा विचारतो, ही शेती शिकलात कुणाकडून? भाऊ थांबतो. म्हणतो, "जळगाव में मेरी बड़ी बहन है. वो जब मेरे को..."

नेमकं तेव्हाच, सर, तुम्हाला राहवलं नाही. तुमच्या शेजारी कुणी बँकेतले गृहस्थ बसले होते आणि तुम्हाला त्यांना समान पायऱ्या दाखवायच्या होत्या. "हे बघा, एक घर," असं म्हणून तुम्ही बटण फिरवलंत आणि आवाज साफ गेला. तुम्ही मागे फिरवलंत, नाही. पुढे, नाही. अक्का उभ्या राहिल्या. तुम्ही माझ्या सर्किटच्या डबीवर दोन चापट्या मारल्यात, तिसरी मारलीत, तेव्हा कुठे इंदूर परत आलं. मुलाखत घेणारा भावाचे आभार मानत होता. मग कापसाचे भाव लागले. बँकेतले गृहस्थ म्हणाले, "चला, निघतो."

अक्का तुमच्याशी नऊ दिवस बोलल्या नाहीत. मी गेले की मला निरोप्या करायच्या, "तुन्हा सरले सांग, चहा झाया." तुम्ही दोन हातांवर बसलेले. भावाला फोन केला तर तो म्हणाला, खूप बोललो तुझ्याबद्दल, पण काय बोललो ते आठवत नाही, समोर माइक होता. मेमध्ये बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, चाचणी स्वयंपाकघरात का घेतली? तुम्ही म्हणालात, "तिथे जोर सगळ्यात जास्त असतो." मला पहिला वर्ग मिळाला.

तुम्ही गेलात तेव्हा मी इथे पुण्यात होते, बातमी आठवड्याने कळली. अक्कांना भेटायला गेल्या महिन्यात आले. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण ती गोष्ट त्या अजून सांगतात. सुनेला बोलावून माझ्यासमोर पुन्हा सांगितली, तुमची नक्कल करून, बटण फिरवल्यासारखी बोटं करून. "यासनी फिरवं, आनि मन्हा भाऊ गया!" हसताहसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "एक घडी गप बसता येत नव्हतं या मानूसले."

सर, त्या शनिवारी मी डबी वसतिगृहात नेऊन उघडली होती. बटणाच्या मधल्या पायाची तार सुटून नुसती टेकली होती. सोल्डरिंगचा टाका कच्चा होता, माझा. प्रवाह तुटला आणि दार बंद झालं. तुम्ही कितीही फिरवलं असतं तरी उघडलं नसतं. मी तो नीट केला. सोमवारी तुम्ही प्रयोगशाळेत विचारलंत, "टाके सगळे बघितलेस ना?" मी म्हटलं, "हो सर, सगळे पक्के आहेत." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "बरं." त्यानंतर अक्कांच्या अबोल्याचे सात दिवस शिल्लक होते, ते तुम्ही एकट्याने काढलेत.

गेल्या महिन्यात मी अक्कांना सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्या हसत होत्या. म्हणून मग तुम्हाला लिहायला बसले. पण तुमचा पत्ता माझ्याकडे तो एकच आहे, मनोऱ्यासमोरचा, आणि तिथे गेलेलं पत्र अक्काच फोडतील.