काकाचं शेवटचं धनुष्य ओढण्याआधी

जे करायला नको होतं ते आधी लिहितो, मग वाटणीचं बघू. काका नव्या धनुष्याची दोरी ओढून वाक बघायला लागला की मी मागे उभा राहून जिभेनं टिक करायचो. आमच्या धनुष्याच्या लाकडाला बांबूची पाठ सरसानं चिकटवलेली असते. ती चिरायला लागली की अगदी तसाच आवाज येतो. काका दचकून थांबायचा, उजेडात धरून चीर शोधत बसायचा. मी पोट धरून हसायचो, मग तो माझा कान पिळायचा.

एक दिवस खरंच टिक झालं. काका मागे न बघता म्हणाला, "पुरे आता, टिवल्या," आणि ओढत राहिला. मी दारात होतो. माझ्या तोंडात पाव होता. धनुष्य मोडलं, तुकडा त्याच्या कानशिलात बसला. संध्याकाळपर्यंत काका गेला.

तर मी, टिवल्या, वय बावीस, डोकं ठिकाणावर आहे (काकू नाही म्हणेल), प्यायलेलो नाही, कुणी दमही दिलेला नाही, लिहून देतो की:

काकाचं अर्धवट राहिलेलं दुसरं धनुष्य मी पुरं केलंय. ते ताईला, म्हणजे काकाच्या मुलीला द्यावं. बापाच्या हातचं म्हणून ती कधीची मागतेय. पण करणाऱ्यानं स्वतः पूर्ण ओढल्याशिवाय आमच्याकडून धनुष्य बाहेर जात नाही, आणि हे निम्मं ओढलं की टिक होतं. चीर नाही, सरस सुटलेला नाही. आवाज धनुष्यातून येतच नाही, माझ्या मागून येतो. मागे कुणी नसतं. "पुरे आता" म्हणूनही बघितलं. तरी होतं. उद्या पूर्ण ओढणार. मोडायचंच असेल तर माझ्या हातात मोडू दे, ताईच्या नको. मोडलं तर हे कलम रद्द.

रंदा, कानशी, सरसाचं भांडं ताईला. भांडं घासून चकचकीत करू नये, काका चिडायचा.

बँकेत आहे ते काकूला. बघून हसू नये.

माझे नवे बूट शेजारच्या सुताराला देऊ नयेत. त्याला बरोबर बसतात, तरीही. काकाला पोचवून आल्यावर हा सगळ्यांसमोर म्हणाला, म्हातारा बहिरा झाला होता, त्याला टिक ऐकूच गेली नसणार. काकूनं ते मनाला लावून घेतलं. कानाच्या डॉक्टरकडे मीच नेलं नाही, असं भांडी घासताना स्वतःशीच म्हणत असते.

साक्षीदार: चहावाला, आणि दोऱ्या विकणारा मामा. वाचायला दिलं नाही, नुसत्या सह्या घेतल्या.

ठिकाण: कारखान्याची मागची खोली. मंगळवार, दुपार.
सही: टिवल्या

हा कागद ज्याच्या हाती पडेल त्याला: काकूला एवढंच सांगा की काकाचे कान शेवटपर्यंत तिखट होते, तिची काही चूक नाही. तुम्हाला कसं माहीत, असं ती विचारेलच. तेव्हा गप्प बसा. ती अजून मला काकाच्या पाटावर बसवून पहिलं वाढते. बाकीचं कुणाला सांगू नका, पाया पडतो.