वेशीपाशी अडलेला धवला

आये, रागावूनच लिहायला बसलो आहे. शाळा सातवीत सुटली, तेव्हा अक्षर वाकडं येईल. तुला तरी कुठे वाचता येत होतं. सकाळपासून गॅस बंद आहे का ते दोनदा पाहून आलो, तुझ्या सुनेच्या गोळ्या डबीत आहेत का ते तीनदा पाहिलं, ती अंगणात गेली तर छत्री घेऊन मागे धावलो. ती म्हणाली, "बसा की जरा! वरबापासारखे काय मांडवभर फिरताय?" मांडव हा शब्द तिच्या तोंडून सहज निघाला आणि माझं डोकं फिरलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फिरतं.

तू धवलारीण. मुरबाडपासून पार शहापूरपर्यंत कुठे लग्न निघालं की आधी तुला सांगावा यायचा. तू धवले गाऊन देवांना बोलावल्याशिवाय हळद लागायची नाही. तुला मुलगी नव्हती, म्हणून सुनेला शिकवलंस. चार उन्हाळे तिला जात्याशी बसवलंस. लिहून घ्यायची सोय नव्हती. "लिवलेला धवला देवाला पोचत नाय," असं तू म्हणायचीस. ती तुझ्याहून गोड गायची, हे तूच शेजारणीला सांगितलंस, मी ऐकलं आहे. ती पहिल्या लग्नाला निघाली तेव्हा पेटीतलं हिरवं लुगडं काढून तिच्या खांद्यावर टाकलंस. तुला तुझ्या पहिल्या धवल्याला मिळालेलं लुगडं. ती तुझ्या पाया पडली आणि तू रडलीस. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

मग तिची बोटं धरायला लागली, गुडघे धरायला लागले. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला उन्हात गेली की नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उठायचा, रात्री ताप. केस मुठीने गळायचे. तू काय म्हणालीस? "उन्हाला भिते! राजाची रानी हाय का गो तू?" त्यातच ती विसरायला लागली. भात चुलीवर करपायचा, हंडा विहिरीवरच राहायचा. बोलता बोलता शब्द सापडायचा नाही, मग ती नुसती हात हलवायची. तू म्हणालीस, सोंग. शहापूरच्या डॉक्टरने संधिवाताच्या गोळ्या दिल्या. विसरण्याचं आम्ही त्याला सांगितलंच नाही. विसरणं हा आजार असतो, असं आपल्या घरात कोणाच्या मनात तरी येणार होतं का? चूल करपली की बाई वाईट, एवढंच आपल्याला ठाऊक.

आणि तो हळदीचा दिवस. शहापूरकडचं गाव, भरलेला मांडव, भर दुपार. आमंत्रणाचा धवला ती गात होती. आधी गणपती, मग गावदेवी, मग वेशीवरचा देव, मग घरातले पितर. गावदेवीपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली. बायकांतून कोणी तरी ओरडली, "बॅटरी उतरली गो धवलारनीची!" सगळा मांडव हसला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या मेढीला टेकून उभा होतो. मला पुढची ओळ येत होती, आये. लहानपणी तू दळताना घोकायचीस आणि मी तुझ्या मांडीला डोकं लावून पडलेला असायचो. मी तोंड उघडणार तोच तू डोळे वटारलेस. बाप्याने धवला म्हणायचा नसतो. मी गप्प झालो. तू तिला हाताने मागे सारलंस, म्हणालीस, "हिच्या तोंडात देव ऱ्हायला नाय," आणि धवला पुरा केलास. घरी येऊन लुगडं परत मागितलंस. तिने घडी मोडू न देता दिलं.

त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही. म्हसा गावच्या जत्रेत बांगड्या भरताना एक बाई दुसरीला म्हणाली, "हीच ती, अडलेली." तेव्हापासून ती जत्रेलाही आली नाही. परसात भिंतीला टेकून बसायची, केस विंचरायची नाही. आमची पोरगी हाक मारायची तरी वळायची नाही. तू म्हणालीस, माज. आणि त्याच साली तू मेलीस, एकही शब्द परत न घेता.

तू गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईने तिला तीन शब्द सांगितले, जरा वेळाने परत विचारले. तिला एकच आठवला. मला वाटलं आता ही पण हसणार. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, याला लुपस म्हणतात. अंगातलं रक्षण करणारंच अंगावर उलटतं. सांध्यांना धरतं, कातडीला धरतं, तसं डोक्यालाही धरतं. विसरणं, उदास बसणं, हे त्यांच्या स्वभावात धरू नका." स्वभावात धरू नका! परक्या पोरीला कळलं ते तुला चार उन्हाळे शेजारी बसून कळलं नाही. घरी येऊन तुझा फोटो मी भिंतीकडे तोंड करून टांगला. चार दिवसांनी तिनेच तो सरळ केला. म्हणाली, "मेल्या मानसाला कवर कोंडून ठेवाल?"

गोळ्यांनी तोंड सुजलं, पण ताप गेला. आता ती बरी असते, नसते, पुन्हा असते. एकदा म्हणाली, "भाकरी जमत नाय त्याचा काय नाय वाटत. शब्द सुटतो ना, तवा वाटतं मीच हातातून सुटले." पोरीच्या लग्नात धवलारीण दुसरीकडून आणली. ही आत तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच पुन्हा निवडत.

हल्ली दुपारी दार लोटून ती तोच धवला गुणगुणते. गावदेवीपाशी थांबते. मग मी वेशीवरच्या देवाची ओळ म्हणतो आणि ती पुढे जाते, थेट पितरांपर्यंत. पितरांत आता तूही येतेस. पहिल्यांदा मी ओळ म्हटली तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमाला येत व्हता? मग तवा का नाय बोललात?" मी म्हटलं, "आयेनं डोळे वटारले." तिने तुझ्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत्याच तशा." तिने ते खरं मानलं, अजून मानते.

तिला वाचता येतं, म्हणून हा कागद पेटीत त्या हिरव्या लुगड्याखाली ठेवतो. ती पेटी ती उघडत नाही. आये, त्या दुपारी तू डोळे वटारले नव्हतेस. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतंस.