बॅग मी उघडली होती

ठमे,

माझी सकाळची ड्यूटी बदलून मिळाली नाही, म्हणून शिबिराच्या बसपाशी बाबा येतील. डबा ओट्यावर आहे, विसरू नकोस.

तिसरीतल्या पहिल्या शिबिराला तुझी बॅग मी भरली होती. तू तीन दिवस एकाच फ्रॉकवर काढलेस. का, तर घड्या मोडल्या की आईसारख्या परत घालता येणार नाहीत! किती हसलो होतो आपण.

आता नववीत बॅग तूच भरलीस. मला राहवलं नाही गं. पहाटे उघडली आणि सगळ्या कपड्यांच्या नीट घड्या घातल्या. मग माझीच मला लाज वाटली, म्हणून होतं तसं परत कोंबायला बसले. तुझ्यासारखं काही जमेना. चेन लागत नाहीये, तेवढी तूच लाव.

आई